शेंदराचे नऊ मिलिमीटर

भिलाईच्या स्मृतीनगरातल्या माझ्या घराचं जोतं भरून झालं त्या दिवशी गवंडी हात झटकत म्हणाला, "एकदम बराबर हे, बाबूजी." माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहून सांगतोस का ऐकून?" त्याला मराठी कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी प्रश्न कळला नसता. मी पाण्याची नळी आणवली आणि चारही कोपरे तपासले. एक कोपरा अकरा मिलिमीटर खाली निघाला. माझी पत्नी कुमुद बाजूला उभी होती. ती म्हणाली, "आले मेश्राम अंगात."

ते वाक्य तुळशीराम मेश्रामांचं. भिलाईचा कारखाना उभा राहत असताना मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं अकरा महिने काम केलं. ते सर्व्हेअर होते, मी त्यांचा गणक. ते दुर्बिणीतून आकडा वाचायचे, मी लेव्हल बुकात लिहायचो आणि बेरजा-वजाबाक्या करून कुठली जागा किती उंच ते काढायचो. पुढे मोठ्या पदांची बरीच माणसं पाहिली. पण कोणाच्या हाताखाली शिकलात असं विचारलं, की मी एकच नाव सांगतो, आणि सांगताना मान वर होते.

मेश्रामांचं सगळं चरित्र मला माहीत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहितो. त्यात त्यांच्या आईचा एक प्रश्न आहे. मी त्यांना ओळखायला लागलो त्याच्याही आधीपासून तो प्रश्न त्यांच्यावर होता, आणि उत्तर दिल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती.

दिसायला ते काटकुळे, सावळे, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. डोक्याला सोला हॅट, कानावर पेन्सिल. दुर्बिणीला उजवा डोळा लावून डावा मिटायची सवय इतकी जडली होती, की समोरचा माणूस काही महत्त्वाचं सांगायला लागला तरी त्यांचा डावा डोळा मिटायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हे आपली टिंगल करताहेत. रबर त्यांनी मला कधी वापरू दिलं नाही. आकडा चुकला, तर त्यावर एक आडवी काट मारायची आणि बरोबर आकडा वर लिहायचा. "काट अशी मारा बाबू, का खालचं वाचता आलं पाहिजे," ते म्हणायचे. "माणूस कुठं चुकला, हे बी कामाचं असते."

आमची ओळख झाली त्याच्या वर्षभर आधीच त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती. कचेरीतला एक जण मुद्दाम छेडायचा, "का हो मेश्राम, बौद्ध झालात आणि नाव तुळशीराम? तुळसही आली, रामही आला!" मेश्राम डावा डोळा मिटून म्हणाले, "नाव मायबापानं ठेवलं. बेंचमार्कचा नंबर बदलला का मागची सारी पुस्तकं बाद होतात, साहेब." तो गृहस्थ पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

बेंचमार्क म्हणजे उंचीची पक्की खूण. समुद्रसपाटीपासून तिची उंची ठरलेली असते आणि बाकीच्या उंच्या तिच्यावरून काढतात. भिलाईची जमीन समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर वर आहे. आमच्या तुकडीतल्या कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. मोजणीची दांडी धरणारा खलाशी बिसाहू जामुलकडच्या खेड्यातला होता. त्यानं एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "साहेब, समुंदर ला देखे हव?"

"नाही," मेश्राम म्हणाले.

"त कइसे जानथव, हमन अतका ऊपर हन?" आपण इतके वर आहोत हे मग कळलं कसं, असं तो विचारत होता.

मेश्रामांनी त्याला नीट समजावलं. कोणीतरी समुद्राकाठी उभं राहून पहिलं रीडिंग घेतलं. तिथून एक खूण, तिच्यावरून दुसरी, असं करत करत रेल्वेच्या पुलावर खूण आली, आणि पुलावरून आपण ती इथं आणली.

बिसाहू विचार करून म्हणाला, "मोर बबा देवता ला देखे रहिस. ओ हा मोर ददा ला बताइस, ददा मोला बताइस. उही बात होइस न, साहेब?" आज्यानं देव पाहिला, बापाला सांगितला, बापानं मला; तीच गोष्ट झाली ना?

आम्ही हसलो. मेश्राम हसले नाहीत. त्यांचा डावा डोळा मिटला. ते म्हणाले, "तुझ्या बबानं वही ठेवली होती का रे?"

"नइ, साहेब."

"तिथंच अडते पाहा. बात तुझी खोटी नाही. पण मले मागं जाऊन तपासता येत नाही."

असं ते कोणालाही विचारत. शेजारचे एक जण पेढे घेऊन आले आणि म्हणाले, देवाच्या कृपेनं मुलगा पास झाला. मेश्रामांनी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, "नापास झाले त्यांच्या घरचं रीडिंग घेतलं का?" एका रशियन इंजिनिअरनं नवीन यंत्रापुढे नारळ फुटताना पाहिला आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, देव नाही हे आमच्याकडे केव्हाच सिद्ध झालं आहे. त्यालाही मेश्रामांचा नेहमीचा प्रश्न: "पाहून सांगता का ऐकून?" दुभाष्या घाबरला. मेश्राम म्हणाले, "घाबरू नका, सांगा त्यांना." रशियन मोठ्यानं हसला. "शाळेत ऐकलं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मेश्रामांना पेन्सिलींचा एक डबा पाठवला. बारा होत्या. सहा त्यांनी मला दिल्या.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं. "मेश्रामजी, देव नाही म्हणूनच तर तुम्ही दीक्षा घेतली ना?"

"दीक्षा माणसासारखं जगाले घेतली, बाबू," ते म्हणाले. "पूजा करणार नाही, असं वचन दिलं. ते मरेपर्यंत पाळीन. हाय का नाही, तो हिशोब वेगळा. आमच्या गावात देऊळ होतं. आमाले पायरीच्या इकडंच उभं ठेवत. आत काय हाय, हे मी कधी पाह्यलंच नाही. मग आत कोणीच नाही, हे तरी मी कसं लिहू? बाहेरून घेतलेलं रीडिंग आतलं म्हणून लिहिता येत नाही."

आमची बिऱ्हाडं लागून होती. आधी पत्र्याच्या वसाहतीत, नंतर सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये. मेश्रामांचं लग्न झालं नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई. तिला सगळे मायच म्हणायचे. इथं मला एक नोंद करायची आहे. पहिले सात महिने मी त्यांच्या घरी पाणी प्यालो नव्हतो. काही ना काही निमित्त काढून दारातूनच परत फिरायचो. माय ते ओळखून होती. एक दिवस ती म्हणाली, "ठोंबरेबाबू, तुमाले रोज आत्ताच कसं जेवण झालेलं असते?" त्या दिवशी मी आत जाऊन बसलो आणि चहा प्यालो. हे सात महिने खोडून टाकावेसे वाटतात. पण काट मारली तरी वाचता आलं पाहिजे.

मायचा प्रश्न मी त्या घरातच ऐकला. चार लेकरांतली तिची तीन पटकीनं गेली होती. तुळशीराम तेवढा वाचला. मरीआईनं वाचवला, असं माय मानत आली. तिच्या देव्हाऱ्यात पितळेचे तीन टाक होते, त्यातला एक मरीआईचा. दीक्षेनंतर मुलानं सांगितलं आणि मायनं ते तिन्ही कन्हान नदीत सोडले. सोडले खरे, पण मनाला शांती नव्हती.

"तुळश्या," ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तू म्हणला म्हून मी सोडले. आता एवढं सांग, जिनं तुले वाचवलं तिले मी पाण्यात टाकलं, का नुसता पितळेचा पत्रा टाकला?"

"पाहून सांगतो, माय."

"कधी?"

"पाहून राहिलो ना."

मला हे ऐकून अवघडल्यासारखं व्हायचं. दुसरा कोणी असता तर त्यानं एका वाक्यात आईला गप्प केलं असतं. देव आहे, त्याला सगळं समजतं, असं म्हणायचं. नाही तर देव-बिव नाही, झोप निवांत, असं म्हणायचं. कुमुद तर मला म्हणालीसुद्धा, "काय हो हा माणूस! एक शब्द बोलायला काय जातं?" पण मेश्रामांनी आईला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "तिनं माझ्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट सोडली," ते मला म्हणाले. "आता पुढचा शब्द अंदाजानं देता येत नाही."

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका नव्या विभागाच्या पायाचं काम निघालं. रेल्वेच्या पुलावरची खूण तिथून लांब पडायची, म्हणून कामाच्या तोंडाशीच आम्ही विटांचा एक खांब बांधला. कमरेइतका उंच, माथा सिमेंटनं घोटून सपाट केलेला. पुलावरून उंची आणून त्याला दिली. बाजूला लाल रंगानं नंबर घातला. पुढचे चार महिने रोज सकाळी बिसाहू त्या माथ्यावर दांडी उभी करायचा, चाळीस मीटरवरून मेश्राम पहिलं रीडिंग घ्यायचे आणि दिवस सुरू व्हायचा. संध्याकाळी फिरून पुन्हा त्याच खांबावर यायचं. सकाळची उंची आणि संध्याकाळची उंची जुळली, की दिवसाचं काम बरोबर. आमचं रोज जुळायचं. चार महिन्यांत एकदाही दोन मिलिमीटरच्या वर फरक आला नाही. मला त्या वहीचा अभिमान वाटायचा.

एकच गोष्ट होती. जवळच्या एका पायाचा कोपरा आम्ही दर आठवड्याला तपासायचो, तो थोडा थोडा खाली जाताना दिसत होता. नवं काम बसतं आहे, अशी मी शेऱ्यात नोंद केली. कोणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मेश्राम म्हणाले, "एकदा पुलावरून येऊन पाहू." गरज काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "चार महिने आपण आपल्याच खुणेवरून निघून आपल्याच खुणेवर येऊन राहिलो. बाहेरून कोणी आलंच नाही."

पुलावरून आलो. खांब नऊ मिलिमीटर उंच निघाला.

मी बेरजा तीनदा केल्या. मेश्रामांनी दुसऱ्या वाटेनं पुन्हा रीडिंग घेतलं. नऊच. खांब खचू शकतो, पण वाढणार कसा? दुर्बीण तशीच सोडून मेश्राम चालत खांबापाशी गेले. त्या चार महिन्यांत मी त्यांना तिथवर जाताना पहिल्यांदा पाहिलं.

खांबाच्या माथ्यावर शेंदूर होता. तेलात कालवून थरावर थर दिलेला, वाळून दगडासारखा झालेला. बिसाहू रोज दांडी त्याच्यावर उभी करत होता. आधी कपाळ टेकवायचा, मग दांडी ठेवायचा. लांबून दिसणारा लाल रंग आम्ही आमच्या नंबराचा समजत होतो.

शेंदूर लावायची बिसाहूची बायको सुकवारो; ती तिथंच रेजा म्हणून माती वाहायची. मेश्रामांनी तिला विचारलं, हे काय? ती घाबरली नाही. डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिनं सांगितलं, "हमर गांव के देवता छूट गे, साहेब. अउ इहां सब्बो काम इही ले सुरू होथे. बड़े-बड़े साहेब मन बिहनिया ले पहिली इही ला देखथें. त देवता ए मा नइ रइही, त कहां रइही?"

गावाचा देव मागे सुटला. इथलं सगळं काम याच्यापासून सुरू होतं, मोठमोठे साहेब सकाळी पहिल्यांदा यालाच पाहतात. मग देव यात नसेल तर कुठे असेल? मेश्रामांचा डावा डोळा मिटला. मी जवळच होतो म्हणून सांगतो, त्यांनी अगदी हळू, स्वतःशीच म्हटलं, "बाई आपल्यापेक्षा बरी निघाली. तिनं निदान विचार केला."

ठेकेदाराचा इंजिनिअर धावत आला. नऊ मिलिमीटर ऐकून त्याचं डोकं फिरलं. त्यानं हातोडा मागवला आणि मेश्रामांकडे पाहत चार लोकांत म्हणाला, "अब समझे! कैसे-कैसे लोगों के हाथ में दूरबीन दे दी."

वीस-पंचवीस रेजा-मजूर जमले होते. मेश्रामांनी कानावरची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. "साब, गलती मेरी है. पकड़ी भी मैंने ही है. लिखना है तो दोनों लिखिए."

त्यानं पेन्सिल घेतली नाही. हातोडाही चालला नाही. मेश्राम सुकवारोकडे वळले. "बाई, ऊपर का तुम्हारा. मुझे नीचे का दे दो, बित्ता भर." आणि खांबाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांनी लोखंडी खिळा सिमेंटात बसवून घेतला. पुलावरून उंची आणून ती त्या खिळ्याला दिली. माथ्यावर देव राहिला, पायथ्याशी आमची खूण राहिली. पुढे एकानं दुसऱ्याला कधी त्रास दिला नाही.

त्या आठवड्यात मी जुनी पुस्तकं काढून बसलो. तो कोपरा खचलेला नव्हताच. खांब वर जात होता, म्हणून कोपरा खाली जाताना दिसत होता. दर आठवड्याच्या आकड्यावरून शेंदराची जाडी मला काढता आली. नवरात्रात तीन मिलिमीटर, दिवाळीत दोन, आणि उरलेले चार मंगळवारच्या मंगळवारी मिळून. भक्ती मिलिमीटरात मोजलेला माझ्यासारखा दुसरा गणक असेल असं वाटत नाही. एकूण एकतीस उंच्या तपासल्या. सहा ठिकाणी काम जास्त उंच झालं होतं. तिथं यंत्राखाली घालायच्या पोलादी पट्ट्या पातळ घेऊन भागलं. मेश्रामांनी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: खूण तपासायला मी स्वतः गेलो नाही, चूक माझी. वरच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून इतर तुकड्यांनाही पंधरवड्यातून एकदा पुलावरून यायचा हुकूम निघाला.

घरी परतताना सायकली हातात धरून आम्ही चालत होतो. मी विचारलं, "चार महिने तुम्ही खांबाजवळ गेलाच नाहीत, हे कसं? तुम्ही तर खिळान् खिळा हातानं पाहता."

ते म्हणाले, "मी बी तेच पाहून राहिलो, बाबू. लहानपणी शेंदूर दिसला का लांबूनच वळत होतो. नाही वळलो तर मार होता. दीक्षा घेतली, डोस्कं बदललं, पण पाय जुनेच राह्यले. चाळीस मीटरच्या आत ते गेलेच नाहीत अन् मले पत्ता नाही."

थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले. "मायले मी 'त्या पत्र्यात देव नव्हता' असं सांगणार होतो. मनात पक्कं झालं होतं. रोज जुळत होतं ना! आता वाटते, मी माझ्याच खुणेवरून निघून माझ्याच खुणेवर येऊन राहिलो होतो."

"मग 'होता' म्हणून सांगणार?"

"ते कुठून आणू? तिकडून तर मले पूलच नाही."

त्यानंतर दीडेक वर्षानं माय अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. नागपूरहून तिचा भाऊ आला. आम्ही शेजारी म्हणून येऊन-जाऊन होतो. रविवारची दुपार होती, कुमुद मायला पेज भरवत होती. मायनं हातानं वाटी बाजूला केली.

"तुळश्या, झालं का पाहून?"

मेश्राम उशाशी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा डावा डोळा मिटला नव्हता. दोन्ही डोळे उघडे ठेवून ते आईकडे पाहत होते.

"माय, मले मालूम नाही."

"अरे!" मामा ताडकन उठले. "हाय म्हणून टाक, नाही तर नाही म्हणून टाक! मरतीले असं अधांतरी ठेवते का कोणी?"

"मामा, थांबा," मेश्राम म्हणाले आणि पुन्हा आईकडे वळले. "लय पाह्यलं माय, चारी बाजूनं पाह्यलं. माझी नजर तिथवर जात नाही. मले वाचवलं कोणी, ते मले मालूम नाही. मी तीन वर्साचा होतो. पण एक गोष्ट मी पाहून सांगतो. कन्हानच्या पाण्यात तू उभी होती. तुझे हात थरथर कापत होते. एक पोरगं उरलं, ते बी जाईन का काय, असं तुले वाटून राहिलं होतं. तरी तू माझ्या शब्दावर सोडलं. एवढं मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. तिथं मरीआई होती का पितळेचा पत्रा होता, ते नाही सांगता येत. तू होती, ते पक्कं."

माय पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत राहिली. कुमुदनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही म्हातारी रडणार, आणि हा माणूस जन्मभर त्या रडण्याखाली राहणार.

माय हसली. दात नव्हते, पण हसली.

"म्हणजे चार वर्सं दुर्बीण लावून बसला अन् मालूम नाही म्हणते!" ती आम्हाला म्हणाली. "पाहा बाप्पा, सरकार याले पगार देते!" दम लागला म्हणून थांबली. मग मुलाचा हात धरून म्हणाली, "बरं केलं. हाय म्हणला असता, तर मी समजली असती, माय मरून राह्यली म्हून पोट्टा खोटं बोलते. नाही म्हणला असता, तर कोणाचं तरी ऐकून बोलते. आता तू नको पाहू. आता मीच जाऊन राह्यली तिकडं. मीच पाह्यते."

मामा बसले. मायनं कुमुदकडे बघून तोंड उघडलं आणि राहिलेली पेज सगळी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तोवर तिनं तो प्रश्न पुन्हा काढला नाही, आणि भीतीचा शब्दही नाही. हे मी कुमुदचं ऐकून सांगतो. त्या तीन दिवसांत तिच्याजवळ कुमुद जास्त होती.

कारखान्याच्या विस्ताराचं काम सुरू झालं तेव्हा मेश्रामांची बदली ठरली. जायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "खांबाचा खिळा एकदा तपासून देतो, म्हणजे पुढच्याले बोलता येणार नाही." आम्ही पुलावरून निघालो. खांबाजवळ पोचलो तेव्हा नेहमीप्रमाणे बिसाहू दांडी घेऊन पुढे निघाला. मेश्रामांनी त्याच्या हातातून दांडी घेतली. "आज तू दुर्बिणीवर." बिसाहूला आकडे त्यांनीच शिकवले होते, पण दुर्बिणीवर तो कधी बसला नव्हता. तो माझ्याकडे पाहायला लागला. "जा," मी म्हणालो.

मेश्राम ते चाळीस मीटर चालत गेले. दांडी खिळ्यावर टेकवली आणि तोल सांभाळायला एक हात खांबाच्या माथ्यावर ठेवला. सुकवारोनं सकाळीच तेल-शेंदूर लावला होता, तो ओला होता. दांडी त्यांनी इतकी सरळ धरली, की बिसाहूनं दोनदा तोच आकडा सांगितला. मी लिहिला. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. मीही एकदा डोळा लावला. वर पाय, खाली हॅट, आणि शेंदरी खांबाला हात लावून उभे मेश्राम. अजिबात हलत नव्हते.

फरक एक मिलिमीटर आला. ते परत आले आणि सही करायला त्यांनी पुस्तक हातात घेतलं. आकड्याशेजारी त्यांच्या अंगठ्याचा शेंदरी ठसा उमटला. मी घाईनं रुमाल काढला.

"राहू द्या," ते म्हणाले. "खोडायचं नाही."

ते पुस्तक नियमाप्रमाणे मी त्याच संध्याकाळी कचेरीत जमा केलं. त्यामुळे दाखवायला माझ्याजवळ काही नाही, आणि तुमच्यासाठी ही गोष्ट ऐकीवच राहणार. मी मात्र पाहून सांगतो आहे.